मणक्याचा आणि सांध्यांचा दाह: जनुकं, प्रतिकारशक्ती आणि एचएलए-बी२७ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी इथून ओळखीपाळखीने माझ्या व्हॉट्सॲपवर रिपोर्ट येत असतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे, आणि धाकट्या भावाला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा दाह, ज्यात मणके हळूहळू एकमेकांना जोडले जाऊ शकतात) आहे, एवढाच माझा अधिकार. गोळी कुठली आणि किती, हे मला विचारू नका. हे का होतं, ते जरूर विचारा.

एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे मला स्पॉन्डिलायटिस झाला का?

नाही. तुमच्याकडे एक विशिष्ट जनुक आहे, एवढंच त्या रिपोर्टवरून कळतं. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातल्या साधारण आठ जणांकडे ते असतं, आपल्याकडे त्याहून कमी. ज्यांच्याकडे ते असतं त्यांच्यातल्या शंभरातल्या पाचेक जणांनाच, किंवा त्याहूनही कमी लोकांना, हा आजार होतो. बाकीचे जन्मभर धडधाकट राहतात आणि आपल्याकडे असं काही आहे याचा त्यांना पत्ताही नसतो.

उलट बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. ज्यांना अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस झालेला आहे, त्यांच्यातले बहुतेक जण बी२७ पॉझिटिव्ह निघतात. युरोपातल्या रुग्णांत हे प्रमाण ८५ ते ९५ टक्के सापडलं आहे. या दोन आकड्यांची गल्लत झाली की घरात रडारड सुरू होते. कंबर दुखत नसताना हौशी हेल्थ पॅकेजमध्ये ही टेस्ट करून घेणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं असतं, की आता या कागदाचं तुम्ही करणार काय?

मग हे बी२७ असतं तरी काय?

सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाच्या जनुकांची एक वसाहत आहे. ही जनुकं जी प्रथिनं बनवतात ती जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असतात. त्यांचं काम म्हणजे पेशीच्या आत जी प्रथिनं मोडीत निघाली, त्यांचे बारीक तुकडे बाहेर आणून दाखवणं. सोसायटीत सकाळी प्रत्येक दाराबाहेर कचऱ्याची बादली ठेवलेली असते आणि आत काल काय शिजलं ते बादलीवरून कळतं, तसंच काहीसं. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी फिरता फिरता हे तुकडे तपासतात. तुकडा घरचा वाटला तर पुढे जातात, विषाणूचा वाटला तर ती पेशी मारतात.

एचएलए-बी या जनुकाचे हजारो प्रकार आहेत आणि बी२७ हा त्यातला एक गट. प्रत्येक प्रकारात तुकडा धरणाऱ्या खाचेचा आकार वेगळा असतो, त्यामुळे दाखवले जाणारे तुकडेही वेगळे. बी२७ मध्येही पोटप्रकार आहेत. जगात सर्वाधिक आढळणारा बी*२७:०५ आजाराशी जोडलेला आहे. सार्डिनिया बेटावर सापडणारा बी*२७:०९ मात्र फारसा जोडलेला नाही. आणि गंमत बघा, या दोघांत फरक आहे तो फक्त एका अमिनो आम्लाचा, तोही त्या खाचेच्या तळाशी. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करायचे.

आजाराशी असलेलं हे नातं १९७३ मध्ये उजेडात आलं. लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी ते स्वतंत्रपणे, त्याच एका वर्षी प्रसिद्ध केलं.

हे जनुक इतकं वाईट आहे तर ते टिकलं कसं?

कारण ते वाईट नाही. एचआयव्हीची लागण झालेल्यांत बी२७ असणाऱ्यांचा आजार हळू पुढे सरकतो. हेपटायटिस सीचा विषाणू आपोआप शरीराबाहेर जाण्याची शक्यताही त्यांच्यात जास्त आढळली आहे. विषाणूशी लढायला हे चांगलं हत्यार आहे, फक्त काही जणांच्या अंगावर उलटतं.

पण ते उलटतं कसं?

याची तीन स्पष्टीकरणं आहेत आणि तिन्हींना आधार आहे. माझ्या मते ती एकमेकांच्या आड येत नाहीत.

पहिलं जुनं आणि सरळ आहे. बी२७ एखाद्या जिवाणूचा तुकडा दाखवतं, टी-पेशी त्यावर तयार होतात, आणि पुढे त्याच्यासारखाच दिसणारा स्वतःच्या शरीराचा तुकडा दिसला की त्यावरही तुटून पडतात. बरीच वर्षं हा निव्वळ अंदाज होता. डिसेंबर २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासाने त्याला बळ दिलं. स्पॉन्डिलायटिसच्या आणि युव्हायटिसच्या (डोळ्याच्या आतल्या दाहाच्या) बी२७ रुग्णांमधून एकाच धाटणीचे टी-पेशींचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे तुकडा ओळखणारी प्रथिनं) वेगळे काढले गेले आणि ते जिवाणूंचे तुकडेही ओळखतात, शरीराचे स्वतःचेही ओळखतात, असं दिसलं.

दुसरं स्पष्टीकरण पेशीच्या आतलं. बी२७ चं प्रथिन घडी पडायला हळू आहे. नीट घडी न पडलेली प्रथिनं आत साठत जातात, पेशीवर ताण येतो आणि त्या ताणातून इंटरल्यूकिन-२३ नावाचा संदेश वाढतो. हा संदेश पुढे इंटरल्यूकिन-१७ ला उठवतो. सतराची ही साखळी लक्षात ठेवा, औषधांच्या प्रश्नात ती परत येणार आहे.

तिसऱ्यात ही प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर जोडीजोडीने, भलत्याच रूपात उभी राहतात आणि नैसर्गिक मारक पेशींसह काही प्रतिकारपेशींना चिथावतात.

म्हणजे सगळा दोष या एकाच जनुकाचा?

नाही. आजार होण्यात अनुवंशाचा वाटा फार मोठा आहे, जुळ्यांच्या अभ्यासांत तो ९० टक्क्यांहून अधिक निघाला. पण त्या वाट्यातला जेमतेम पाचवा हिस्सा बी२७ चा. उरलेला शंभराहून अधिक ठिकाणी विखुरलेला आहे आणि त्या प्रत्येक ठिकाणाचा परिणाम इवलासा. २००७ मध्ये त्यातली दोन ठळक ठिकाणं सापडली. एक इंटरल्यूकिन-२३ च्या ग्राहकाचं जनुक आणि दुसरं ईआरएपी-१. हे दुसरं म्हणजे पेशीतली कात्री: प्रथिनांचे तुकडे एचएलएच्या खाचेत बसतील इतके कापून देणारं विकर (एन्झाइम). या कात्रीतल्या बदलांचा परिणाम मुख्यतः बी२७ असलेल्यांत दिसतो, नसलेल्यांत सहसा नाही. तुकडे कसे कापले जातात आणि कोण दाखवतं याचा आजाराशी थेट संबंध आहे, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

आणि तरीही एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण ६० टक्क्यांच्या घरात आहे, शंभर नाही. दोघांची जनुकं हुबेहूब सारखी असूनही.

हे उरलेलं कुठून येतं? पोटाचा काही संबंध आहे का?

आहे. १९९० मध्ये माणसाचं बी२७ जनुक उंदरांच्या मोठ्या भावंडांत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या रॅटमध्ये घातलं गेलं. त्यांना आतड्याचा दाह झाला, सांधे सुजले, त्वचा आणि नखंही बिघडली. मग १९९४ मध्ये तेच रॅट पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले, तर आतडं आणि सांधे दोन्ही शाबूत राहिले. जनुक तेच, पण पोटात जिवाणू नाहीत म्हणून आजार नाही.

माणसांतही स्पॉन्डिलायटिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांच्या आतड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसतो, पोटाची काही तक्रार नसतानाही. शंभरातल्या पाच-दहा जणांना क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस हा आतड्याच्या दाहाचा आजार उघडपणे होतो. साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर यांचे जुलाब होऊन गेल्यावर एक ते चार आठवड्यांत गुडघा किंवा घोटा सुजणं, हा रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिसही याच कुटुंबातला. लैंगिक संबंधातून होणाऱ्या क्लॅमिडियाच्या संसर्गानंतरही तो होतो, आणि ही माहिती तरुण मुलं डॉक्टरपासून लपवतात. लपवू नका.

यावरून ‘पोट साफ करणारे’ काढे विकणाऱ्यांना मात्र पुरावा मिळत नाही.

दाह मणक्यातच का? कंबरेच्याच खाली का?

स्नायूबंध आणि अस्थिबंध जिथे हाडात रुततात त्या जागेला एन्थेसिस म्हणतात. टाच, बरगड्यांचे सांधे, मणके आणि पाठीच्या कण्याला कटीशी जोडणारे सॅक्रोइलियाक सांधे, या सगळ्या जागांवर दिवसभर ताण पडतो. २०१२ मध्ये दिसून आलं की उंदरांच्या याच जागांमध्ये इंटरल्यूकिन-२३ ला प्रतिसाद देणाऱ्या पेशी आधीपासूनच मुक्कामाला असतात. दाह उठला की हाड झिजतं आणि नंतर तिथे नको तितकं नवं हाड उगवतं. मणके एकमेकांना पुलांनी जोडले जातात. एक्स-रेमध्ये दिसणारा ‘बांबू स्पाइन’ तो हाच.

डॉक्टर म्हणाले मणक्यात गॅप आहे. तेच हे का?

आपल्याकडे कंबरदुखीचं निदान तीन शब्दांत उरकतं: गॅप, गादी, नस. माझ्या भावालाही एका डॉक्टरांनी पट्टा दिला होता आणि आराम करा असं सांगितलं होतं. आरामाने त्याचं दुखणं वाढत गेलं, आणि नेमकी तीच खूण कुणी विचारात घेतली नाही. दोष ट्रेनच्या धक्क्यांना आणि घोडबंदर रोडच्या खड्ड्यांना गेला.

झिजेची किंवा लचकेची कंबरदुखी काम केल्यावर वाढते आणि पडून राहिल्यावर कमी होते. दाहाची याच्या उलट वागते. वय साधारण ४५ च्या आत, बहुतेकदा विशीतलं. सुरुवात हळूहळू, आणि दुखणं तीन महिन्यांहून जुनं. रात्री तीन-चारला जाग येते, उठून घरात चार फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. सकाळी अर्धा तास, कधी त्याहून जास्त, कंबर लाकडासारखी. एका कुल्ल्यात आज दुखतं, महिन्याने दुसऱ्या. भाऊ महापेला नोकरीला होता तेव्हा ट्रेनमधून उतरण्यासाठी आधीच्या स्टेशनलाच उठून उभा राहायचा. बसून राहिला तर वेळेत उठताच यायचं नाही. पण रविवारी येऊरला चढून गेला की दिवसभर ठणठणीत. अशा माणसाला आळशी म्हणणं फार सोपं असतं.

तपासणीत एक साधी टेप लागते. कंबरेच्या दोन खळग्यांच्या रेषेवर पेनाने खूण, तिच्या दहा सेंटिमीटर वर दुसरी, पाच खाली तिसरी. मग गुडघे न वाकवता पुढे वाका. निरोगी पाठीत वरच्या आणि खालच्या खुणेतलं पंधराचं अंतर वीस किंवा त्याहून जास्त होतं. ताठ पाठीत ते सोळा-सतराशी अडतं. कंबरदुखीसाठी गेलात आणि तुम्हाला शर्ट काढून वाकायलाही सांगितलं नाही, तर डॉक्टर बदलायचा विचार करा. तज्ज्ञ हवा तो ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांध्यांच्या दाहाच्या आजारांचा डॉक्टर. हाडांचे डॉक्टर चांगलेच असतात, पण हा आजार मुळात हाडाचा नाही.

एक्स-रे नॉर्मल, सीआरपी पण नॉर्मल. मग नाहीच ना?

असू शकतो. एक्स-रेमध्ये बदल दिसायला वर्षं लागतात. सॅक्रोइलियाक सांध्यांच्या एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज आधी दिसते, म्हणून २००९ च्या निकषांत एमआरआयला जागा मिळाली. एमआरआय सांगताना तो कंबरेच्या मणक्यांचा की सॅक्रोइलियाक सांध्यांचा, हे चिठ्ठीवर नीट वाचा. चुकीच्या जागेचा एमआरआय करून आलेले कितीतरी जण भेटतात. सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे रक्तातून दाहाचा अंदाज देणाऱ्या टेस्ट, बऱ्याच रुग्णांत चढतच नाहीत.

बी२७ निगेटिव्ह आलं, मग सुटलो का?

लक्षणं वर सांगितली तशी असतील तर नाही. निगेटिव्ह असूनही आजार होतो, विशेषतः सोरायसिस किंवा आतड्याच्या आजाराबरोबरचा.

टेस्ट पुन्हा करावी का?

एकदा केली की पुरे, जनुक बदलत नाही. अपवाद एकच: फ्लो सायटोमेट्रीने (पेशीवरचं प्रथिन शोधणारी पद्धत) केलेल्या टेस्टमध्ये कधीकधी एचएलए-बी७ या दुसऱ्या प्रकारामुळे गोंधळ होतो. शंका असेल तर थेट जनुक तपासणाऱ्या पीसीआरने खात्री करतात.

हा पुरुषांचा आजार आहे ना?

तसं शिकवलं जायचं. एक्स-रेवर ठळक बदल दिसणाऱ्यांत पुरुष दोन-तीन पट असतात हे खरं. पण एक्स-रेवर अजून काही न दिसणाऱ्या टप्प्यात बायका जवळपास बरोबरीने आहेत. बाईचं मात्र ‘बाळंतपणानंतर कंबर जातेच’ या एका वाक्यावर निदान होतं आणि वर्षं निघून जातात.

आईला आरए आहे. तो आणि हा एकच का?

एकच नाहीत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे लोक ज्याला आरए किंवा आमवात म्हणतात, त्यात हाताच्या बोटांचे लहान सांधे आणि मनगटं दोन्ही बाजूंना सारखीच सुजतात. मणक्यांपैकी मानेचा वरचा भाग सोडला तर बाकीचे सहसा वाचतात. तो बायकांत सुमारे तिप्पट. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा आरएचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं.

जनुकही वेगळं. इथे एचएलए-डीआरबी१, आणि त्यातला एक ठरावीक अमिनो आम्लांचा पट्टा, जो १९८७ मध्ये ओळखला गेला. पण जनुकाचा जोर कमी: एकाच बीजाच्या जुळ्यांत दोघांनाही आरए होण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपासच. म्हणजे इथे बाहेरच्या गोष्टींचं पारडं जड आहे, आणि त्यात तंबाखूचा धूर सर्वांत वर. धुराने फुप्फुसातल्या प्रथिनांत रासायनिक बदल होतो, ती परकी वाटू लागतात आणि त्यांच्याविरुद्ध अँटी-सीसीपी प्रतिपिंडं तयार होतात, बोटं सुजण्याच्या कितीतरी वर्षं आधी. २००६ मधल्या एका स्वीडिश अभ्यासात या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आरएचा धोका २१ पट आढळला. जनुक बदलता येत नाही, सिगारेट सोडता येते. ती स्पॉन्डिलायटिसमध्येही मणके लवकर जोडायला मदत करते.

रक्ताच्या तपासणीत नुसता ‘आरए फॅक्टर’ पॉझिटिव्ह आला म्हणून घाबरू नका. वय झालेल्या निरोगी माणसांत, टीबीत, हेपटायटिस सीमध्येही तो येतो.

सोरायसिस असेल तर?

सोरायसिसच्या तीनेक रुग्णांत एकापर्यंत सांधे धरण्याचं प्रमाण जातं. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आणि एखादं बोट सगळंच्या सगळं सुजणं, ही त्याची ओळख. डोक्यात कोंडा समजून शाम्पू बदलत बसलेल्यांनी कानामागे आणि बेंबीतही एकदा बघावं.

चिकनगुनियानंतर सांधे दुखतायत. हे तेच का?

बहुतेकदा नाही. चिकनगुनियानंतरची सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळते आणि पुष्कळांची आपोआप ओसरते. तीन महिन्यांनंतरही सूज असेल, नुसती दुखण नाही, तर अँटी-सीसीपी तपासून घ्या.

मुलाला आजार आहे. लग्न जमवताना सांगायचं का? पुढच्या पिढीचं काय?

हा प्रश्न फोनवर आवाज खाली करून विचारला जातो. आधी गणित. बी२७ ची एक प्रत असलेल्या माणसाच्या प्रत्येक मुलाकडे ती जाण्याची शक्यता निम्मी. ज्याच्याकडे गेली त्याला, घरात आजार असल्यामुळे, धोका इतरांपेक्षा जास्त: दहात एक ते दोन. म्हणजे आजार असलेल्याच्या शंभर मुलांपैकी साधारण नव्वद किंवा त्याहून अधिक जणांना तो होत नाही.

सांगावंच, असं माझं मत आहे, आणि पत्रिका जुळवण्याआधी नाही तरी साखरपुड्याआधी नक्की. नवरा सकाळी अर्धा तास कुणाशी बोलत का नाही हे बायकोला लग्नानंतर कळण्यात काय अर्थ आहे? निरोगी भावंडांची मात्र ‘बघून ठेवू’ म्हणून टेस्ट करू नका. आणि एक व्यावहारिक गोष्ट: सल्फासालाझिन हे सांध्यांच्या दाहावरचं औषध चालू असताना शुक्राणूंची संख्या कमी होऊ शकते, औषध थांबवल्यावर ती पूर्ववत होते. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

वातुळ बंद करू का? वांगी, बटाटा, हरभऱ्याची डाळ, भात?

पिष्टमय पदार्थ कमी केले तर क्लेब्सिएला हा आतड्यातला जिवाणू कमी होतो आणि स्पॉन्डिलायटिस आटोक्यात येतो, अशी एक कल्पना लंडनहून निघाली होती. तिला पुरेसा आधार मिळाला नाही. भरली वांगी खाऊन जनुक जागं होत नाही. वजन आटोक्यात ठेवा, एवढं पथ्य पुरे.

जनुक बदलत नाही, तर औषध करतं काय?

साखळी तोडतं. पहिली पायरी रोजची दाहशामक गोळी आणि रोजचा व्यायाम. दोन्ही नेमाने, आणि गोळी किडनी-पोटाकडे लक्ष ठेवून. मेथोट्रेक्सेट हे आरएतलं मुख्य औषध आहे, पण मणक्याच्या दाहावर चालत नाही. पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडचंही तेच.

पुढची पायरी बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत बनवलेल्या औषधांच्या, इंजेक्शनांची. अडालिमुमॅबसारखी औषधं टीएनएफ हा संदेश अडवतात, सेक्युकिनुमॅब इंटरल्यूकिन-१७ अडवतं. इथे विज्ञानाने सगळ्यांना चकवलं. इंटरल्यूकिन-२३ अडवणारी औषधं सोरायसिसवर उत्तम चालतात, म्हणून स्पॉन्डिलायटिसवर तर चालणारच असं वाटत होतं, कारण जनुकं तेच सांगत होती. चाचण्यांत ती मणक्यावर सपशेल पडली. आजार सुरू करणारा संदेश आणि तो चालू ठेवणारा संदेश वेगळे असू शकतात. सतराला अडवणाऱ्या औषधांनी आतड्याचा दाह बळावू शकतो, म्हणून पोटाची हकिगत आधी सांगायची. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या दाहाचे काही संदेश पेशीच्या आत पोचू देत नाहीत.

खर्च मोठा आहे. मात्र अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) झायडसने भारतातच, २०१४ मध्ये, आणलं आणि तेव्हापासून किमती उतरत आल्यात. इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी हवीच. आपल्याकडे पुष्कळांच्या शरीरात टीबीचा जंतू झोपलेला असतो आणि टीएनएफच त्याला दाबून ठेवत असतो.

मालिश, हाड बसवणं?

हलकं मालिश करा. मान कडकन मोडणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. जोडला गेलेला मणका लवचीक राहत नाही, किरकोळ झटक्यानेही मोडतो आणि मज्जारज्जूला इजा होते. घरात घसरून पडल्यावर पाठीत किंवा मानेत नवं दुखणं उठलं तर थेट हॉस्पिटल.

डोळा लाल झालाय. साथ आली असेल ना?

साथीत बहुधा दोन्ही डोळे येतात, चिकट पाणी येतं. एकच डोळा लाल, आत ठणका, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतं, असं असेल तर तो युव्हायटिस असू शकतो. स्पॉन्डिलायटिसच्या चारातल्या एकाला तो कधी ना कधी होतो, आणि कित्येकांचा मूळ आजार डोळ्यांच्या डॉक्टरांमुळेच उघडकीला येतो. त्याच दिवशी दाखवा, बी२७ चा रिपोर्ट बरोबर न्या, आणि मेडिकलमधून मनाने थेंब आणून घालू नका.